परातीवरची अँटेना

कराडशेजारच्या मलकापुरातल्या आमच्या घरात मी चौदा महिने एकटा राहतोय. आई पुण्याला प्रांजलच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी गेली. बाळ आता चालतं, भिंतीवर रेघोट्या ओढतं, आणि आई अजून दोन महिन्यांसाठीच गेलेली आहे. वडील सैन्यातून निवृत्त होऊन पुण्यातच एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात. घर सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून मी. तसं घर सांभाळण्यासारखं काही करत नाही. एका जागी असतं.

माझी नोकरी कूलर विकणाऱ्या एका कंपनीची. गिऱ्हाईक तक्रार टाइप करतं, मी उत्तर टाइप करतो. दिवसाला साठ-सत्तर माणसांशी बोलतो आणि तोंड उघडावं लागत नाही. दर पाचवा माणूस विचारतो, ‘तुम्ही खरे आहात की मशीन?’ मी ‘खरा’ असं लिहितो. मशीननंही तेच लिहिलं असतं, हे त्यालाही कळतं आणि मलाही. मग तो ‘बरं’ लिहितो आणि आम्ही कूलरच्या पंपाकडे वळतो. एकदा सलग चार दिवस मी मोठ्यानं एक शब्द बोललो नव्हतो, हे मला पाचव्या दिवशी दूधवाल्यासमोर कळलं. ‘अर्धा लिटर’ म्हणायला गेलो तर गंजलेली कडी सरकवल्यासारखा आवाज आला. दूधवाला म्हणाला, “सर्दी हाय व्हय?” मी मान हलवली. तो एक लिटर देऊन गेला.

त्याच आठवड्यात मी ‘डोंगरचाकं’ मंडळात शिरायचं ठरवलं.

सातारा-सांगलीकडची जीपवाली माणसं महिन्यातल्या एका रविवारी जमतात, जिथं रस्ता नाही तिथून गाड्या घालतात आणि संध्याकाळी जिथं रस्ता होता तिथंच परत येतात. बहुतेक ऊसवाले, दोन दातांचे डॉक्टर, एक वकील. गाड्या एकवीस. मला जीपचा नाद होता असं नाही. वडिलांनी सैन्याच्या लिलावातून आणलेली हिरवी जीप दारात उभी होती आणि तिच्यात मांजर व्यायलं होतं, एवढंच. पण मंडळाचा नंबर मिळालेल्या माणसाला त्या रविवारी पहाटे सहाला फोन येतो, “उठलास का रं?” त्याची पंगतीत जागा असते. कुणाच्या घरी बारसं असलं, वास्तुशांत असली, तर त्याला धरून आणतात. मला तो सहाचा फोन हवा होता. सहाला मी उठलेलाच असतो, पण विचारत कुणी नाही.

मंडळाचे प्रमुख आकाराम आबा. सैन्यात सिग्नलमध्ये सुभेदार होते. आता सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि चालताना अजून डावा पाय आधी टाकतात. दऱ्यांत मोबाईल चालत नाही, म्हणून प्रत्येक गाडीत वायरलेस सेट पाहिजे हा त्यांचा नियम. आणि विनापरवाना सेट त्यांना खपत नाही, म्हणून अख्ख्या मंडळानं हौशी रेडिओची सरकारी परीक्षा दिलेली. एकरी साठ-साठ टन ऊस काढणारी माणसं गुऱ्हाळावर बसून ओहमचा नियम पाठ करत होती म्हणे. मी ती परीक्षा दोन वर्षांपूर्वीच पास झालो होतो, बोलायला कुणी मिळेल या आशेनं. परवाना मिळाला. सुरुवातीला रोज संध्याकाळी मी सेटवरून हाक मारायचो आणि मग उत्तर न येण्याचा आवाज किती स्वच्छ येतोय ते ऐकायचो.

“नंबर मागून मिळत न्हाई,” आबा म्हणाले. “एक फेरी पुरी कराय लागती. आमचा रिलेवाला गेलाय हिंजवडीला. त्याच्या जागी तू बस.”

“म्हणजे काय करायचं?”

“डोंगराच्या डोक्यावर गाडी लावून बसायचं. दरीत पुढच्या गाडीचं मागच्या गाडीला ऐकू येत न्हाई. मदी डोंगर येतो. तुला दोगांचं बी येनार. तू ह्याचं त्याला सांगायचं, त्याचं ह्याला. दिवसभर. एकानं जरी म्हनलं की ऐकू आलं न्हाई, तर मग बगू फुडच्या वर्षी.”

“आणि सगळ्यांना ऐकू आलं तर?”

“तर बावीस नंबर तुजा.”

मी घरी आलो आणि मांजराला पिल्लांसकट धुण्याच्या टबात हलवलं.

सेट होता, पण गाडीवर लावायची अँटेना नव्हती. त्यासाठी मी कुंडलला भरतेशअण्णांकडे गेलो. भरतेशअण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि ते मंडळाचे चार नंबर. जाडजूड, शांत माणूस. जळालेली मोटर समोर ठेवली की आधी तिचा वास घेतात आणि मग मालकाकडे बघतात, वास मालकाचा असल्यासारखं.

“सगळ्यात लांब अँटेना कुठली?” मी विचारलं.

“लांब कशाला रं? नवरदेवाची गाडी सजवतोयस?”

“मला सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे.”

अण्णांनी एक दीड मीटरची अँटेना काढून माझ्या हातात दिली. मासे धरायला जावंसं वाटावं अशी होती. “ही बग. हिचा आवाज लय लांब जातोय. पार बेळगावकडं. पर जातोय कसा, आडवा. पट्टीनं रेग मारल्यागत. तू बसनार डोंगरावर, मानसं खाली दरीत. तुजा आवाज त्यांच्या डोक्यावरनं जानार. बेळगावात एकादा मानूस म्हनंल, कोन वराडतंय हे.”

“मग जवळच्यांसाठी कुठली?”

“आखूड.” अण्णांनी ड्रॉवरमधून सायकलच्या चाकाची असावी अशी एक स्टीलची तार काढली. “ही वर बी पसरती आन् खाली बी. लाटेच्या पाव लांबीची म्हनत्यात हिला. एकोनपन्नास सेंटीमीटर, इकडं तिकडं.”

मला वाईट वाटलं. दोन वर्षं वाट बघितलेली गोष्ट आपल्याला खिशात मावेल अशी मिळाली की वाईट वाटतं.

“फांदीला अडकत न्हाई, दगडावर आदळून मोडत न्हाई,” अण्णा म्हणाले. “आन् मोडली तर सायकलवाल्याकडं मिळती.”

खरी अडचण पुढं निघाली. अण्णांनी जीपला एक चक्कर मारली, टपावर हात मारला आणि हात आत गेला. टप ताडपत्रीचा.

“हिला तर डोकंच न्हाई.”

“ताडपत्री आहे. वडील म्हणतात हवा खेळती राहते.”

“हवा खेळू दे, पर अँटेनाला खाली पत्रा लागतोय. वर दिसती ती निम्मी अँटेना. बाकीची निम्मी खालचा पत्रा असतोय. ताडपत्रीवर लावलीस तर ती निम्मं मानूस हाय. बोलंल, पर कुनाला कळायचं न्हाई.”

“बॉनेटवर लावू?”

“मग टपाचा सांगाडा मागच्या अंगाला आडवा येनार. मदोमद, वर, लोखंडी पट्टीवर बसव. आन् खाली गोल पत्रा घाल, चांगला अडीच-तीन फुटाचा. घरात हाय काय आसलं?”

घरात होतं. आईच्या लग्नातली स्टीलची परात, पावणेतीन फुटांची, कडेला कोरलेली: ‘मनुबाई आत्याकडून सप्रेम भेट’. पन्नास भाकरींचं पीठ एकदम मळता येईल एवढी. आमच्या घरात आता रोज दोन भाकरी लागतात आणि त्या मी विकत आणतो. मी परात माळ्यावरून काढली, मधोमध ड्रिलनं भोक पाडलं, आणि ती टपाच्या सांगाड्यावर उपडी घालून चारही बाजूंनी आवळली. त्या संध्याकाळीच आईचा फोन आला. चौदा महिन्यांत तिनं एकदाही परातीची चौकशी केली नव्हती.

“बाळाच्या वाडदिवसाला परात लागंल रं. पाठवून दे कुनाबरोबर तरी.”

“बरं.”

“हाय न्हवं जाग्यावर?”

“वर आहे.”

“माळ्यावरच ठेवलीया मी.”

“माळ्याच्याही वर आहे.”

आमच्या घराला माळ्याच्या वर काही नाही, हे आईला माहीत आहे. “जेवतोस न्हवं येळेवर?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो आणि ती बाळाला बोलवायला गेली. बाळ फोनमध्ये श्वास घेतं. दोन मिनिटं मी त्याचा श्वास ऐकला, त्यानं माझा.

रविवारी तार जुळवायला पुन्हा कुंडलला गेलो. दुकानामागच्या मोकळ्या आवारात जीप उभी केली. अण्णांनी सेट आणि अँटेना यांच्यामध्ये एक छोटा मीटर जोडला.

“हे काय दाखवतं?”

“तू बोललेलं किती बाहीर गेलं आन् किती माघारी तुज्याच तोंडावर आलं. सुई एकवर आली म्हंजी समदं गेलं. तीनवर गेली म्हंजी तू भिंतीशी बोलतोयस.”

तीनवरची परिस्थिती मला ओळखीची होती. तार आधी लांबच ठेवतात, बावन्न सेंटीमीटर. बटण दाबायचं, सुई बघायची, बटण सोडायचं, तार जराशी कापायची. लांब तार कापता येते, जास्त कापलेली जोडता येत नाही, म्हणून दर वेळी दोन-तीन मिलिमीटरच. पहिल्यांदा सुई दोनच्याही पुढं गेली. मग दोन. मग जराशी खाली. एक्कावन्नला अण्णांनी माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.

“हितं ठेव. एक्कावन्न. शुब आकडा हाय.”

“सुई एक पॉइंट आठवर आहे.”

“आसंल. पर आकडा चांगला हाय.”

“अण्णा, आहेर नाही करायचा.”

त्यांनी नाइलाजानं पक्कड परत दिली. पण पुढच्या वेळी सुई विचित्र हलली. कमी व्हायची ती वाढली. मी आणखी दोन मिलिमीटर कापणार होतो, तेवढ्यात अण्णा मागं सरकले आणि सुई खाली आली. अण्णा पुढं आले, सुई वर गेली. आम्ही दोघं काही वेळ तेच करत राहिलो. बघणाऱ्याला वाटलं असतं, जीपभोवती आमचा कसला तरी नाच बसवणं चाललंय.

“मानूस जवळ उबा ऱ्हायला की मीटर चुकतोय,” अण्णा म्हणाले. “अंगात पानी असतंय. तुजं तू कर. म्या जातो तिकडं.”

ते आवाराच्या टोकाला लिंबाखाली जाऊन उभे राहिले. जीपची दारं लावून मी आत बसलो. बटण, सुई, उतरायचं, कापायचं, कानशीनं टोक घासायचं, लांब उभं राहायचं, परत आत. हे काम एकट्यानंच करावं लागतं आणि कुणी जवळ असून चालत नाही, हे कळल्यावर मला बरं वाटलं. मला ज्यात अनुभव आहे अशी ही पहिलीच गोष्ट निघाली. एकोणपन्नास सेंटीमीटर आणि एक मिलिमीटरवर सुई एकला जाऊन चिकटली. मी लिंबाकडे बघून हात केला. अण्णांना वाटलं निरोप घेतोय. त्यांनीही हात केला आणि जेवायला घरी गेले.

फेरी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी होती, पाटणच्या पलीकडच्या डोंगरात. पायथ्याला सगळ्या गाड्या ओळीनं लागल्या. माझी जीप आल्यावर सात नंबरचा विश्वजीत गाडीतून उतरला आणि परातीची कड वाकून वाचली.

“ह्यो मनुबाईकडनं आलाय.”

“अन्नछत्र हाय का रं वर?” कुणीतरी विचारलं.

“न्हाई, पाऊस पडला की उलटी करायची. आंगूळ.”

माणसं माझ्यावर हसत होती. मी मोजलं नाही, पण दहा-बारा तरी असावीत. इतक्या जणांनी माझ्याकडे एकाच वेळी बघितलं त्याला बरेच महिने झाले होते.

मग आबांनी गिनती घेतली. सैन्यात रांगेत उभे राहून एकेक जण आपला आकडा ओरडतो, तसं आबा ती वायरलेसवर घेतात. सगळे गाड्यांत बसलेले, आबा आपल्या गाडीत डोळे मिटून. “डोळं फसवत्यात,” ते मला म्हणाले होते. “धूळ असती, वळान असतंय, एका गाडीमागं दुसरी लपती. कान फसवत न्हाईत. आवाज आला म्हंजी मानूस हाय.” एक, दोन, तीन करत आकडा एकवीसवर थांबला. मला अजून आकडा नव्हता, त्यामुळं मी माईक हातात धरून गप्प बसलो.

आबांनी स्वतः पुढं होऊन मला वरपर्यंत नेलं. डोंगराच्या माथ्यावर कातळाचं सपाट पठार आहे, त्याला तिकडं सडा म्हणतात. वाळलेलं गवत, मधे मधे पावसाच्या पाण्याची सुकलेली डबकी, आणि झाड एकही नाही. “हितंच ऱ्हा,” आबा म्हणाले. “एकट्यानं गाडी खाली घालायची न्हाई, हा नियम हाय. चार वाजता भरतेश येऊन तुला पलीकडनं उतरवंल. खाली वळखीच्या जोतिबाच्या मळ्यात जेवान हाय.” त्यांनी परातीवर बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि गेले.

साडेआठला पहिली हाक आली. मागची गाडी विश्वजीतची बायको प्रियदर्शनी चालवत होती. विश्वजीत आबांच्या मागोमाग पुढं होता. दोघांमध्ये एक अख्खा डोंगर होता आणि डोंगराच्या डोक्यावर मी.

“रिले, मागच्यांना सांग, डाव्या हाताचा दगड सोडून उजवीकडनं घ्या,” आबा म्हणाले.

“मागच्यांनो, डाव्या हाताचा दगड सोडून उजवीकडनं घ्या.”

“घेतला म्हनावं.”

“आबा, घेतला.”

असं चाललं होतं. तासाभरानं विश्वजीत आला.

“रिले, हिला इचार, पान्याचा कॅन कुटं ठेवलाय.”

“वहिनी, पाण्याचा कॅन कुठं ठेवलाय, ते विचारतायत.”

“त्याला सांग, जिथं दर वेळी असतो तिथं.”

“दादा, जिथं दर वेळी असतो तिथं.”

“दर वेळी कुटं असतो?”

“वहिनी, दर वेळी कुठं असतो?”

“लग्नाला नऊ वर्षं झाली म्हनावं.”

मी तेही सांगितलं. मग विश्वजीत म्हणाला, “सापडला.” मी वहिनींना म्हणालो, “सापडला.” आणि का कोण जाणे, मलाच सुटल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं माझीच झाली असावीत तसं.

दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्यं बोललो. चिखलात रुतलेल्याची, त्याला दोर टाकणाऱ्याची, दोर तुटल्यावर दोघांची. शिव्या आल्या तर त्या तशाच पुढं द्यायच्या की सौम्य करायच्या याबद्दल आबांनी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी त्या तशाच दिल्या, फक्त आवाज नम्र ठेवला. दुपारी बिस्किटांचा पुडा संपला. घसा दुखायला लागला आणि मला त्याचं कौतुक वाटलं. दोन वाजता भरतेशअण्णा म्हणाले, “रिले, तुजा आवाज लय भारी येतोय. शेजारच्या शीटवर बसल्यागत.” आबाही म्हणाले, “व्हय. दानादाना ऐकू येतोय.” ऐकू आलं नाही, असं दिवसभरात कुणी एकदाही म्हणालं नाही. फोनला सड्यावर रेंज होती. फोन कुणाचा आला नाही, पण त्या दिवशी मला फोनची गरजच वाटली नाही.

साडेतीनला गाड्या दरीतून पलीकडच्या बाजूला वर निघाल्या. तिथं उघडा माळ आहे, सगळ्यांना सगळ्यांचं थेट ऐकू येतं. रिलेचं काम संपलं. आबांचा आवाज आला, “गिनती.”

“एक.”

“दोन.”

“तीन.”

भरतेशअण्णांनी चार म्हटलं. विश्वजीतनं सात. अठराला दातांच्या डॉक्टरांना शिंक आली आणि त्यांना परत म्हणावं लागलं. प्रियदर्शनी वहिनी एकवीस होत्या.

“फुडं?” आबा म्हणाले. “फुडचा आकडा कुनाचा हाय?”

मी माईक दोन्ही हातांनी धरला. “बावीस,” मी म्हणालो. छातीतून, मोठ्यानं, नीट.

“शाबास,” आबा म्हणाले. “बावीसच्या बावीस. चला, जेवाय.”

इंजिनांचे आवाज एकेक करून सेटवरून गेले. मी गवतावर उतरून उड्या मारल्या. फार नाही, तीन. मग जीपमध्ये बसून भरतेशअण्णांची वाट बघायला लागलो.

चार वाजले. सव्वाचार. सेटवर विश्वजीत म्हणाला, “बावीस नंबर दिसत न्हाई मागं.”

“आसंल की,” अण्णा म्हणाले. “आत्ताच बोलला न्हवं. आवाज बग की किती जवळचा व्हता. आबांच्या मागनं उतरला आसंल.”

“भरतेशच्या मागनं येतोय तो,” आबा म्हणाले. “बावीस, हायस न्हवं?”

“हाय,” मी म्हणालो. विचारलं ते खरंच होतं. मी होतोच.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण आबांनी नुकतंच बावीसच्या बावीस म्हटलं होतं, सगळ्यांच्या देखत, डोळे मिटून. अण्णा येतीलच, असं मला वाटलं. आणि ‘मला विसरलात’ हे वाक्य आपल्या पहिल्याच आकड्याला जोडून कसं बोलतात ते मला येईना. मी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं. तेवढ्यात सेटवर कुणाच्या तरी माईकचं बटण कशाखाली तरी दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. आता मला काही बोलता येणार नव्हतं, आणि खाली मळ्यात मोबाईल चालत नाही. त्या एका माईकनं सगळी जागा अडवली होती. पण ऐकू सगळं येत होतं. विश्वजीतच्या गाडीतला माईक होता, दार उघडं होतं आणि शेजारीच पंगत बसली होती.

पन्नास मिनिटं मी जोतिबाच्या मळ्यातलं जेवण ऐकलं. द्रोणात रस्सा पडल्याचं ऐकलं. रस्सा फार तिखट आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सगळ्यांनी परत मागितला. अण्णांसाठी बिनकांद्याची दोडक्याची भाजी वेगळी होती, तीही तिखट निघाली. आबांनी लेहची गोष्ट सांगितली, जिच्यात बर्फात अँटेना म्हणून काटेरी कुंपण वापरतात. जिलबी दोनदा फिरली. मग जोतिबाचा आवाज आला, “आबा, एक पत्रावळ राहिली गड्या. मानसं चौतीस म्हनला होता.”

“गिनती बरोबर हाय,” आबा म्हणाले. “तुजी पत्रावळ जादा झाली आसंल.”

“म्या मोजून मांडल्या.”

“म्या बी मोजून आनलीत.”

सुभेदाराशी आकड्यावरून कोण बोलणार. पत्रावळ उचलल्याचा आवाज आला. कोरड्या पत्रावळीचा आवाज ओल्या पत्रावळीपेक्षा वेगळा येतो.

ऊन उतरायला लागल्यावर ते बटण सुटलं. बहुतेक कुणीतरी त्यावरचा डबा उचलला. गाड्या रस्त्याला लागल्या होत्या, आवाज हळूहळू बारीक होत चालले होते. प्रियदर्शनी वहिनींनी हाक मारली.

“बावीस, ऐकतोयस का?”

“हो वहिनी.”

“दिवसभर आमचं भांडण वाहून नेलंस बाबा. जेवलास का रं पोटभर?”

आत्ताही सांगता आलं असतं. एकवीस गाड्या वळल्या असत्या, अंधारात डोंगर चढल्या असत्या, आबांनी सगळ्यांसमोर मान खाली घातली असती, आणि पुढची कित्येक वर्षं मी ‘तो राहिलेला’ झालो असतो. नंबर मिळाला असता की नाही कुणास ठाऊक.

“जेवलो,” मी म्हणालो.

“दिसला न्हाईस पंगतीत.”

“कडेला होतो. माईकजवळ.”

“रस्सा तिखट होता न्हवं?”

“लय. पण दोनदा घेतला.”

“आन् जिलबी?”

“जिलबी दोनदा आली, मी एकदाच घेतली.”

“लाजतोस,” वहिनी म्हणाल्या. “पुढच्या बारीला माझ्या शेजारी बस. वाढते मी.”

“बरं,” मी म्हणालो, आणि घसा दुखत असल्यामुळं आवाज जरा फाटला. त्यांना तो तसाच स्वच्छ ऐकू गेला असणार.

नंतर त्यांचाही आवाज गेला. मी इंजिन सुरू केलं आणि सकाळच्या वाटेनं एकटाच खाली उतरलो. एकट्यानं उतरायचं नाही हा मंडळाचा नियम, आणि तो मी नंबर मिळाल्यावर तीन तासांत मोडला. वळणावर दोनदा उतरून दगड बघितले, परत बसलो. डाव्या हाताला एक दगड आला, तो सोडून उजवीकडनं घेतला. घेतला म्हणून सांगायला कुणी नव्हतं, तरी मी म्हटलं.

मंगळवारी भरतेशअण्णा काही कामानं कराडला आले होते, ते दारात थांबले. पिवळ्या रंगाचा, २२ लिहिलेला गोल स्टिकर दिला.

“आबा लय खूश हायेत. म्हनले, आसा रिलेवाला सैन्यात बी भेटला न्हाई. आता तू कायमचा वरच.”

“कायमचा?”

“मग काय. तुज्यावाचून मंडळ चालत न्हाई आता.” त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. “पंगतीत लय हसवलंस बाबा परवा.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. दिवसभर माझा आवाज त्यांच्या कानात होता, आणि जेवताना कुणीतरी हसवलं होतं. दोन्हीची गाठ त्यांनी मारून टाकली होती.

“मी काय म्हणालो होतो?” मी विचारलं.

“ते काय ध्येनात न्हाई,” अण्णा म्हणाले. “पर हसलो लय.”

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपमध्ये मला घेतलं. घेतल्या घेतल्या जोतिबाच्या मळ्यातला फोटो आला. माणसं दोन ओळींत, मागं गाड्या. वकिलांनी खाली डावीकडून उजवीकडं सगळ्यांची नावं लिहिली होती, वकिलांना तशी सवय असते. चौतीस नावं. शेवटचं माझं, आणि पुढं कंसात: ‘गाडीमागे’.

मी फोटो मोठा करून बघितला. शेवटच्या गाडीच्या मागं आंब्याचं झाड होतं, झाडामागं सावली होती. सावलीत काहीतरी होतं. आणखी मोठं केल्यावर त्याचे चौकोन चौकोन झाले. त्यातला एक चौकोन हिरवा होता, आमच्या जीपसारखा. मी बराच वेळ बघितलं.

मग खाली लिहिलं, ‘फोटो छान आलाय.’ एकोणीस जणांनी अंगठा दाखवला. वहिनींनी लिहिलं, ‘तू नीट आला नाहीस. पुढच्या बारीला समोर ये.’ मी लिहिलं, ‘येतो.’